अतिहळू ते प्रचंड: घरी सिंफनी ऐकताना आवाजाचा पल्ला कसा सांभाळावा

रशियन संगीतकार चायकोव्स्की याच्या सहाव्या सिंफनीच्या, म्हणजे संपूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेच्या, पहिल्या भागात अशी एक जागा आहे, जिथे घरी ऐकणाऱ्या बहुतेकांचा हात रिमोटकडे जातो. क्लॅरिनेटवर संथपणे विरत जाणारी सुरावट शेवटी इतकी हळू होते, की संगीतकाराने स्वरलिपीत तिथे ‘पी’ हे अक्षर एकापुढे एक असे सहा वेळा लिहून ठेवले आहे. पाश्चात्त्य स्वरलेखनात एक ‘पी’ म्हणजे हळू, दोन म्हणजे खूप हळू. सहा ‘पी’ म्हणजे ऐकू येण्याच्या अगदी काठावर. हे शेवटचे काही स्वर बासून या खर्जातल्या फुंकवाद्यासाठी लिहिलेले असले, तरी अनेक वाद्यवृंद ते बास क्लॅरिनेटकडून वाजवून घेतात, कारण बासूनला त्या खालच्या पट्टीत एवढे हळू वाजणे फार कठीण जाते. आणि त्या जवळजवळ शांततेनंतर, कोणतीही पूर्वसूचना न देता, संपूर्ण वाद्यवृंद एकदम आदळतो. ते सहा ‘पी’ ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवलेला असेल, तर पुढच्या क्षणी घरातले सगळे दचकतात आणि शेजारच्या घरातही कोणीतरी मान वर करून पाहते. उलट, आघात सुसह्य व्हावा म्हणून आवाज आधीच कमी ठेवला असेल, तर सुरावट पंख्याच्या आवाजात बुडून जाते.

१८९३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये ही सिंफनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा समोर शांत बसलेले श्रोते होते आणि अवतीभोवती मोठे सभागृह होते. संगीतकाराने ती अशाच जागेसाठी लिहिली होती. आपण ती ऐकतो दहा बाय बारा फुटांच्या खोलीत, जिच्या एका बाजूला स्वयंपाकघर असते आणि दुसऱ्या बाजूला रस्ता. अडचण या दोन जागांमधल्या फरकातून निर्माण होते आणि तिची उकलही तिथेच शोधावी लागते. माझे मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक श्रोते थेट उपकरणातल्या, मोठे आवाज दाबणाऱ्या ‘नाइट मोड’च्या बटणाकडे वळतात, पण ते शेवटचे पाऊल असायला हवे. त्याआधी करण्यासारखे बरेच काही आहे, आणि त्यातले बरेचसे फुकट आहे.

तळ आणि छत

एखाद्या संगीतकृतीतला सर्वांत हळू आवाज आणि सर्वांत मोठा आवाज यांच्यातल्या अंतराला डायनॅमिक रेंज म्हणतात. या लेखात मी तिला आवाजाचा पल्ला म्हणणार आहे. तो डेसिबलमध्ये मोजतात. डेसिबलचे मोजमाप साध्या बेरजेसारखे चालत नाही, आणि ही गोष्ट नीट समजली की पुढचे सगळे सोपे होते. आवाज १० डेसिबलने वाढला म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट झाली, पण कानाला तो साधारण दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटतो. २० डेसिबल वाढला म्हणजे शक्ती शंभरपट, आणि कानाला वाटणारा मोठेपणा सुमारे चौपट.

चांगल्या सभागृहात, सगळे शांत बसलेले असताना, पार्श्वभूमीचा आवाज २५ डेसिबलच्या आसपास असू शकतो. तिथे अतिशय हळू वाजणारे तंतुवाद्य ३५ डेसिबलला ऐकू येते, आणि पूर्ण ताकदीने वाजणारा मोठा वाद्यवृंद पुढच्या रांगांमध्ये ९५ डेसिबलच्या वरही जातो. म्हणजे पल्ला झाला ६० डेसिबलचा. शहरातल्या फ्लॅटमध्ये मात्र पंखा चालू आणि खिडकी उघडी असताना पार्श्वभूमी सहज ४५ डेसिबलच्या घरात असते, आणि रात्री सगळे बंद केल्यावर ती ३० ते ३५ पर्यंत उतरते. ज्याच्याखालचे काही ऐकू येत नाही असा हा आपल्या खोलीचा तळ आहे. छत म्हणजे आपण, आपले कुटुंबीय आणि शेजारी जास्तीत जास्त सहन करू शकतो तो आवाज, आणि तो बहुतेक घरांत ७५ ते ८० डेसिबलच्या पुढे जात नाही. तळ ४० आणि छत ८० धरले, तर आपल्याकडे ४० डेसिबलची उंची आहे आणि तिच्यात ६० डेसिबलचे संगीत बसवायचे आहे. उरलेल्या २० डेसिबलचे काय करायचे, एवढाच हा सगळा प्रश्न आहे.

इथे एक बारीक दुरुस्ती करायला हवी. तळाच्या खालचे काहीच ऐकू येत नाही, हे पूर्णपणे खरे नाही. पंख्याची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीत असते आणि व्हायोलिनचा स्वर वरच्या पट्टीत असतो, त्यामुळे कान दोन्ही वेगळे करू शकतो आणि गोंगाटापेक्षा थोडा हळू असलेला स्वरही पकडू शकतो. पण चेलो, डबल बेस ही खर्जातली तंतुवाद्ये आणि टिंपनी हे मोठे नगारे त्या घरघरीच्याच पट्टीत राहतात आणि ती सर्वांत आधी हरवतात.

ध्वनिमुद्रणाचा दोष नाही

‘रेकॉर्डिंगच नीट केलेले नाही,’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती बहुतेक वेळा चुकीची असते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर खरखर एवढी असे, की उपयोगी पल्ला जेमतेम ३० ते ४० डेसिबलचा मिळे. नंतरच्या, जास्त वेळ चालणाऱ्या एलपी तबकडीत तो ६० ते ७० पर्यंत गेला. तरीही मोठ्या आवाजाच्या खालच्या स्वरांना रुंद खाचा लागतात आणि तबकडीवरची जागा मोजकी असते, म्हणून अभियंत्यांना हात आखडता घ्यावा लागे. साध्या कॅसेटमध्ये फितीची सुसकार होती, आणि डॉल्बी बी पद्धत वरच्या पट्टीतली ती सुसकार सुमारे १० डेसिबलने कमी करत असे. १९८२ साली सीडी बाजारात आली आणि हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या संपला. सीडीवर आवाजाचा प्रत्येक नमुना, म्हणजे क्षणाक्षणाला घेतलेले मोजमाप, १६ बिटांचा (शून्य किंवा एक अशा १६ अंकांचा) असतो, एका बिटामागे साधारण ६ डेसिबल मिळतात, म्हणजे ९६ डेसिबलचा पल्ला. कोणत्याही वाद्यवृंदाला तो पुरून उरतो. म्हणूनच २४ बिटांच्या महागड्या फाइली घेऊन ही अडचण सुटेल अशी आशा धरू नये. त्या फाइलींचे अन्य फायदे असतील, पण आपल्या खोलीचा तळ त्या एका डेसिबलनेही खाली आणत नाहीत.

जुन्या माध्यमांच्या काळातली एक पद्धत मात्र आजही शिकण्यासारखी आहे. रेडिओवरून वाद्यवृंद प्रसारित करताना किंवा तबकडीसाठी ध्वनिमुद्रित करताना अभियंत्यासमोर किंवा त्याच्या सहायकासमोर स्वरलिपी उघडी असे. मोठा आघात येणार आहे हे त्याला आधीच ठाऊक असे, म्हणून तो त्याच्या बऱ्याच आधीपासून, श्रोत्याच्या लक्षातही येणार नाही इतक्या सावकाशपणे, आवाजाची कळ थोडी थोडी खाली आणत असे, आणि आघात झाल्यावर त्याच सावकाशपणे ती पुन्हा वर नेत असे. पल्ला कमी होई, पण आघाताचा धक्का जवळपास तसाच राही. हे काम यंत्राकडे सोपवल्यावर काय बिघडते, हे पुढे येईलच.

हिंदुस्थानी संगीताला हे लागू होते का?

मराठी श्रोता ‘शास्त्रीय संगीत’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा ख्याल असतो, आणि ख्याल ऐकताना अशी धावपळ करावी लागत नाही, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. त्याचे कारण तानपुरा आहे. तानपुरा अखंड वाजत असतो आणि गायनाच्या खाली स्वतःचा एक तळ तयार करतो. गायक कितीही हळू गायला तरी तो सहसा त्या तळाच्या फार खाली उतरत नाही. शिवाय ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन गायकाच्या जवळ असतो, आणि तबल्याच्या साथीत एकदम प्रचंड मोठा होणारा आवाज सहसा नसतो. त्यामुळे ख्यालाचा पल्ला सिंफनीच्या मानाने बराच आटोपशीर राहतो.

पण तो नगण्य नसतो. कुमार गंधर्वांच्या गाण्यात स्वर एकाएकी लहान करणे आणि दुसऱ्या क्षणी तो मोकळ्या आवाजात फेकणे हा आविष्काराचाच भाग आहे. तो फरक सपाट केला तर त्यांचे गाणे अर्धे हरवते. रुद्रवीणा हे त्याहून अवघड उदाहरण आहे. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्या मंद्र सप्तकातल्या आलापीत स्वर छेडल्यानंतरची मींड स्वराच्या विरत जाणाऱ्या शेपटावर घेतलेली असते. त्या शेपटातच रागाचे सारे सांगणे असते, आणि पंखा चालू असलेल्या खोलीत नेमके तेच ऐकू येत नाही. वीणेच्या संथ आलापीसाठी घरात जी शांतता लागते, तीच सिंफनीच्या मंद भागासाठी लागते. त्यामुळे पुढचे उपाय दोन्हीकडे चालतात.

आधी तळ खाली आणावा

खोलीचा तळ १० डेसिबलने खाली आणला, तर १० डेसिबलचा पल्ला मिळतो, आणि त्यासाठी संगीतात कोणतीही काटछाट करावी लागत नाही. यासाठी हा मार्ग मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो. छताचा पंखा बंद करता येत नसेल, तर तो निदान दोन आकड्यांनी कमी करावा. पंख्याच्या वेगाबरोबर वाऱ्याचा आवाज फार झपाट्याने वाढतो, त्यामुळे थोडा वेग कमी केला तरी मोठा फरक पडतो. रस्त्याकडच्या खिडक्या बंद कराव्यात आणि सरकत्या खिडकीच्या फटींना रबराची पट्टी लावावी, कारण आवाज काचेतून जेवढा येतो त्याहून जास्त फटीतून येतो. जाड पडद्यांकडून मात्र चुकीची अपेक्षा ठेवू नये. पडदे खोलीतला घुमारा कमी करतात, आणि ते उपयुक्तच आहे, पण बाहेरची वाहतूक ते अडवत नाहीत. आवाज अडवायला वजन आणि हवाबंदपणा लागतो.

दुसरा उपाय इतका साधा आहे, की त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही: स्पीकरच्या जवळ बसावे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाजही असल्यामुळे वाढ थोडी कमी होते, पण तरी ती चांगलीच जाणवते. तीन मीटरवरच्या सोफ्याऐवजी दीड मीटरवर खुर्ची ओढून बसले, तर तुमच्या कानाशी संगीत मोठे होते, खोलीतला गोंगाट तेवढाच राहतो, आणि शेजाऱ्याकडे जाणारा आवाज वाढत नाही. दोन स्पीकरमधले अंतर आणि तुमचे त्यांच्यापासूनचे अंतर साधारण सारखे ठेवले की वाद्यांच्या जागाही नीट उमटतात.

तिसरा उपाय हेडफोनचा. कान पूर्ण झाकणारा बंद पाठीचा हेडफोन बाहेरचा वरच्या पट्टीतला आवाज बऱ्यापैकी अडवतो; पंखा, एसी, दुरून येणारी वाहनांची घरघर असा एकसुरी खालचा आवाज ‘नॉइज कॅन्सलिंग’ची सोय चांगला कमी करते. कानात नीट बसणारे इअरफोन तर २० डेसिबलपेक्षा जास्त गोंगाट अडवू शकतात, पण ‘नीट बसणारे’ या दोन शब्दांवर सगळे अवलंबून आहे: रबरी टोपीचा आकार चुकला की आधी खालचे स्वर गळतात आणि मग बाहेरचा गोंगाट आत येतो. वेगवेगळ्या आकारांच्या टोप्या डब्यात दिलेल्या असतात. त्या लावून पाहाव्यात.

छत कोण ठरवते

छताच्या बाबतीत आपण एकटे मालक नसतो. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरवली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. हे आकडे परिसरातल्या आवाजाचे आहेत, आपल्या खोलीतल्या खुर्चीवरचे नाहीत, पण शेजाऱ्याच्या खिडकीशी काय पोहोचावे याची कल्पना त्यांवरून येते.

भिंतीपलीकडे सगळे स्वर सारखे पोहोचत नाहीत. व्हायोलिन भिंतीत अडते. टिंपनी, बेस ड्रम आणि डबल बेस आरपार जातात. आपल्याकडच्या आरसीसी इमारतींत स्पीकर थेट जमिनीवर ठेवला असेल, तर कंपने स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरतात. अमेरिकेत लाकडी बांधकामाच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तर याचा अनुभव पहिल्याच महिन्यात येतो. स्पीकरखाली रबराचे जाड तुकडे ठेवावेत, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढावेत, कारण कोपरा खालच्या स्वरांना आणखी फुगवतो, आणि सबवूफर (केवळ खालच्या स्वरांचा स्पीकर) असेल तर रात्री त्याची पातळी काही डेसिबलने उतरवावी. एवढे केले की शेजाऱ्याच्या दृष्टीने आवाज बराच कमी होतो आणि आपल्याला फार काही गमावल्यासारखे वाटत नाही.

आणखी एक छत आपल्या कानांचे आहे, आणि त्याबाबतीत तडजोड करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल हा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलमागे हा वेळ निम्मा होतो. सिंफनीचा मोठा भाग शांत असल्यामुळे सरासरी खाली राहते आणि घरी ऐकणारा श्रोता सहसा धोक्यात येत नाही. बसमध्ये किंवा लोकलमध्ये हेडफोनवर हळू भाग ऐकू यावा म्हणून आवाज वाढवत नेणारा श्रोता मात्र धोक्यात येतो, कारण पुढचा आघात त्या वाढवलेल्या पातळीवरून होतो. प्रवासात मोठ्या पल्ल्याचे संगीत ऐकूच नये, असे मी ठामपणे म्हणेन.

अ‍ॅम्प्लिफायरचेही एक छत असते. वाद्यवृंदाच्या संगीतात क्षणिक शिखरे सरासरीच्या २० डेसिबल वर जातात, म्हणजे सरासरी आवाजाला एक वॉट लागत असेल तर त्या शिखराला शंभर वॉट लागतात. छोटा अ‍ॅम्प्लिफायर तिथे कमी पडतो आणि आघात फाटल्यासारखा येतो. पुष्कळदा आपल्याला ‘फार मोठा’ वाटणारा आवाज मुळात फाटलेला आवाज असतो. तोच स्वच्छ आला तर सहन होतो.

कळ एकदाच फिरवावी

आवाजाची पातळी हळू भागावरून ठरवायची, ही सर्वांची सवय आहे, कारण बहुतेक कृतींची सुरुवात हळू असते आणि आपण सुरुवातीलाच कळ फिरवतो. पद्धत उलट हवी. कृतीतली सर्वांत मोठी जागा आधी काढावी, ती आपल्या छताला लागेल एवढा आवाज ठेवावा, आणि मग सुरुवातीपासून ऐकावे. राव्हेलचे १९२८ सालचे ‘बोलेरो’ यासाठी आदर्श आहे, कारण त्यात दुसरे काही घडतच नाही: ड्रमचा एकच ठेका अगदी हळू सुरू होतो आणि सुमारे पंधरा मिनिटे संपूर्ण कृती एकाच चढणीने वर जात राहते. शेवटचे मिनिट लावून आवाज ठरवला, की सुरुवातीचा ठेका अतिशय हळू येईल, आणि तो तसाच यायला हवा. मधेच कळ फिरवली, तर राव्हेलने बांधलेली चढणच नाहीशी होते आणि मागे उरते एकाच धूनीची पुनरावृत्ती.

पहिली दोन-तीन मिनिटे हळू भाग अपुरा वाटेल. तेवढा वेळ धीर धरावा. बाहेरच्या गोंगाटातून आलेला कान शांततेला सरावायला थोडा वेळ घेतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे लक्ष एकवटायलाही वेळ लागतो. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राच्या सभागृहात, २००६ साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ठाऊक आहे की तिथेही हळू भाग खरोखरच हळू असतो आणि श्रोते त्यासाठी खुर्चीत पुढे सरकून कान देतात. शक्य असेल त्यांनी एकदा तरी वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकावा. घरी पातळी ठरवताना त्या अनुभवाइतका भरवशाचा मापदंड दुसरा नाही.

कमी आवाजात ऐकताना आणखी एक गोष्ट घडते, आणि ती बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवली. आपला कान सर्व पट्ट्यांना सारखाच तीक्ष्ण नसतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने; आकडा जेवढा लहान, तेवढा स्वर खालचा. १००० हर्ट्झचा स्वर शांततेत २-३ डेसिबललाही ऐकू येतो, पण ५० हर्ट्झचा स्वर मुळात ऐकू येण्यासाठीच ४४ डेसिबलच्या आसपास जावा लागतो. त्यामुळे एकूण आवाज कमी केला, की खालचे स्वर प्रमाणाबाहेर नाहीसे होतात आणि वाद्यवृंद पोकळ, पातळ वाटू लागतो. त्या पोकळपणाची भरपाई म्हणून आपण पुन्हा आवाज वाढवतो आणि छताला डोके आपटते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचे ‘लाउडनेस’ हे बटण याच कारणासाठी असते: ते कमी आवाजात खालचे स्वर उचलून धरते. आजच्या काही रिसीव्हरमध्ये (स्पीकर चालवणाऱ्या घरगुती उपकरणांमध्ये) ऑडिसी या कंपनीची ‘डायनॅमिक ईक्यू’ नावाची सोय हेच काम आवाजाच्या पातळीनुसार आपोआप करते. ही सोय पल्ला कमी करत नाही, केवळ तोल सावरते, म्हणून रात्री ती निःसंकोच वापरावी. शेजाऱ्यापर्यंत खालचे स्वर जास्त पोहोचतात, हे मात्र विसरू नये. जवळ बसणे आणि हे बटण यांची जोडी चांगली जमते.

शेवटी कॉम्प्रेसर

एवढे करूनही पल्ला बसत नसेल, तर तो आकुंचित करावा लागतो. हे काम करणाऱ्या यंत्रणेला कॉम्प्रेसर म्हणतात; रिसीव्हरमधला ‘नाइट मोड’, ऑडिसीचे ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’, विंडोजमधले ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ ही सगळी त्याचीच रूपे आहेत. कॉम्प्रेसर एक उंबरठा धरतो आणि त्याच्या वर जाणारा आवाज ठरावीक प्रमाणात दाबतो. प्रमाण २ असेल, तर उंबरठ्याच्या वरचे २० डेसिबल १० होतात. मग सगळाच आवाज थोडा उचलला, की मोठा भाग पूर्वीच्याच पातळीवर राहतो आणि हळू भाग वर येतो.

आपल्याला किती दाबायचे आहे, हे सुरुवातीच्या आकड्यांवरून काढता येते. ६० डेसिबल ४० मध्ये बसवायचे म्हणजे प्रमाण झाले केवळ दीड. आणि खिडकी बंद करून, जवळ बसून १० डेसिबल आधीच मिळवले असतील, तर दीडही लागत नाही. उपकरणांतल्या तयार सोयी बहुधा याहून बऱ्याच कठोर असतात, कारण त्या चित्रपटातले संवाद ऐकू यावेत आणि स्फोट दबावेत यासाठी बनवलेल्या असतात. म्हणून जिथे ‘लाइट’, ‘मीडियम’, ‘हेवी’ असे पर्याय असतील, तिथे ‘लाइट’च्या पुढे जाऊ नये.

संगणकावर ऐकणाऱ्यांना अधिक मोकळीक असते. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये ध्वनिपरिणामांच्या खिडकीत कॉम्प्रेसर आहे. तिथे सर्वांत मोठी पातळी शून्य धरतात आणि बाकीच्या उणे आकड्यांत मोजतात. त्यात उंबरठा उणे ३० डेसिबलवर, प्रमाण दीडवर ठेवावे; म्हणजे सर्वांत वरचे ३० डेसिबल २० होतात आणि १० डेसिबल मोकळे होतात. त्यातले ८ ‘मेकअप गेन’ या कळीने परत द्यावेत आणि २ सुरक्षिततेसाठी राखून ठेवावेत. ‘अटॅक’ म्हणजे दाबायला लागणारा वेळ आणि ‘रिलीज’ म्हणजे सोडायला लागणारा वेळ. शास्त्रीय संगीतासाठी ‘रिलीज’ जेवढा जास्त ठेवता येईल तेवढा ठेवावा.

त्यामागचे कारण महत्त्वाचे आहे. स्वरलिपी समोर ठेवून काम करणाऱ्या अभियंत्याला पुढे काय येणार हे ठाऊक असते. साध्या कॉम्प्रेसरला ते ठाऊक नसते. आघात होऊन गेल्यावर तो जागा होतो, आवाज दाबतो, आणि घाईने सोडला तर मागचा हळू भाग फुगून वर येतो. या फुगण्या-दबण्याला पंपिंग म्हणतात. ते ओळखण्याची सर्वांत चांगली कसोटी आपल्याच संगीतात आहे: तबल्यासह ख्यालाची एखादी ध्वनिफीत कॉम्प्रेसरमधून लावावी आणि केवळ तानपुऱ्याकडे लक्ष द्यावे. तानपुरा मुळात स्थिर असतो. डग्ग्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो खाली जाऊन पुन्हा वर येत असेल, तर कॉम्प्रेसर फार कठोर किंवा फार घाईचा आहे. तानपुरा स्थिर राहीपर्यंत प्रमाण कमी करावे आणि ‘रिलीज’ वाढवावा, मग तीच मांडणी सिंफनीसाठी वापरावी.

स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांनी आणखी एक बटण तपासावे. स्पॉटिफायसारख्या सेवा वेगवेगळी गाणी सारख्या मोठेपणाने वाजावीत म्हणून प्रत्येकाची एकूण पातळी वरखाली करतात. ‘नॉर्मल’ पर्यायात ही पातळी उणे १४ एलयूएफएस (सरासरी मोठेपणा मोजण्याचे एकक) असते आणि त्यात संगीताचा आतला पल्ला बदलत नाही; ‘लाउड’ पर्यायात ती उणे ११ होते आणि तिथे शिखरे दाबणारा लिमिटर मधे येतो, म्हणून तो पर्याय शास्त्रीय संगीतासाठी टाळावा. संपूर्ण अल्बम क्रमाने लावला की सर्व भागांना एकच बदल लागू होतो, पण सिंफनीचा मंद भाग वेगळा काढून प्लेलिस्टमध्ये टाकला की तो जल्लोषाच्या भागाएवढा मोठा होऊन येतो. सिंफनी नेहमी अल्बममधूनच ऐकावी. स्वतःच्या फाइली वाजवणाऱ्यांनी प्लेअरमधल्या रिप्लेगेन या पातळी जुळवणाऱ्या सोयीत ‘ट्रॅक’ऐवजी ‘अल्बम’ निवडावे; कारण तेच आहे. टीव्हीतून ऐकत असाल, तर त्यातली ‘ऑटो व्हॉल्यूम’ची सोय आधी बंद करावी, नाहीतर दोन कॉम्प्रेसर एकामागोमाग काम करू लागतात आणि कोणता काय बिघडवतो हे समजत नाही.

वेळेप्रमाणे संगीत निवडण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आपल्याकडे रागांना प्रहर नेमून दिलेलेच आहेत. हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्यावर बोट कितीही जोरात मारले तरी आवाज फारसा वाढत नाही, म्हणून त्यावरचे बाखचे संगीत रात्री अकरा वाजताही, कोणत्याही यंत्राच्या मदतीशिवाय, पूर्णपणे ऐकता येते. ल्यूट, गिटार, चार वाद्यांची क्वार्टेट यांचेही तसेच आहे. जुनी मोनो ध्वनिमुद्रणे मुळातच आटोपशीर पल्ल्याची असतात, त्यामुळे स्वयंपाक करताना ऐकायला ती फार चांगली. पियानोचा पल्ला मात्र फसवा असतो. एकच वाद्य आहे म्हणून तो रात्री लावला जातो आणि मधल्याच एखाद्या आघातात घर जागे होते. माहलर आणि ब्रुकनर यांच्या सिंफन्या रविवारच्या सकाळसाठी राखून ठेवाव्यात, शेजारी बाजारात गेलेले असताना, खिडक्या बंद आणि पंखा एकवर ठेवून. तेव्हा छत वर गेलेले असते आणि कॉम्प्रेसर पूर्ण बंद ठेवता येतो.